एकेचाळीस मशिनांचं एकमत

माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. आमची बायको त्रिशला म्हणते, “लग्नघरात कुणी पेढा दिला तरी तुम्ही आधी हुंगून बघता.” बघतोच! रक्त तपासायची मशिनं दुरुस्त करत एकवीस वर्षं गावोगाव हिंडलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? लॅबवाले शपथेवर सांगतात, “मगदूमसाहेब, हातसुद्धा लावला नाही, आपोआप बंद पडलं.” झाकण उघडावं तर आत चहा सांडलेला. म्हणून मी आधी बाटलीतल्या रसायनावर संशय घेतो, मग विजेवर, मग माणसावर. आमच्या कंपनीवर तर कायमच.

त्या दिवशी भिलवडीला अक्काकडं गेलो तेव्हा ती पलंगावर बसून चपलेशी झटापट करत होती. अक्का म्हणजे राजमती, माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा आणि ही पंधराची. मला तिनंच वाढवलं. पुढं अंगणवाडीत अठ्ठावीस वर्षं काढली, दाजी गेले, आता एकटी राहते आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या दुखण्यांची चौकशी करते.

“श्रेणिक, ही चप्पल गेल्या महिन्यात घेतलीय बघ. आता पाय शिरंना,” ती म्हणाली.

पाय सुजलेले होते. चेहराही सुजल्यासारखा वाटला. मी टेबलावरचे रिपोर्ट उचलले. पलूसच्या लॅबचे होते, सहा महिन्यांत तीन. किडनीचं काम सांगणारा आकडा म्हणजे क्रिएटिनिन. किडनी रक्तातली घाण नीट गाळत असली की तो एकच्या आसपास राहतो, गाळणं कमी झालं की वर चढतो. अक्काचा तिन्ही वेळा १.१.

“डॉक्टर म्हणतात, उभं राहून काम करता, वय झालं, त्यानं सूज येते. अन् ह्या गुडघ्याच्या गोळ्या चालू ठेवा म्हणाले.”

दुखण्यावरच्या त्या गोळ्या ती दोन वर्षं रोज खात होती. सुरुवातीला तिनं मला फोन करून विचारलं होतं, ह्यानं किडनी जाते म्हणतात, खाऊ का नको? मी तिचा रिपोर्ट बघून म्हणालो होतो, “अक्का, ते मशीन मी स्वतः बघतो. बिनधास्त खा.”

सुजलेले पाय एक सांगत होते आणि कागद दुसरंच. मी तिच्या रक्ताच्या दोन ट्यूब भरून घेतल्या. एक पलूसच्या लॅबमध्ये लावली, दुसरी घेऊन विट्याला गेलो. विट्याच्या लॅबच्या मालकीण डॉ. शबाना मुजावर. बाई हुशार आणि तोंडाच्या फटकळ, म्हणून माझं त्यांच्याशी जमतं.

पलूसला १.१ आलं. विट्यालाही १.१ आलं.

“बघा, झालं समाधान?” डॉ. मुजावर म्हणाल्या.

“नाही झालं. दोन मशिनं इतकी तंतोतंत जुळली की मला भीती वाटते. तुमच्या टेक्निशियननं नवीन सॅम्पल लावलं की जुना आकडा चिकटवला?”

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. “मगदूम, माझा माणूस नऊ वर्षं इथं काम करतोय. असलं बोलायचं असेल तर चालते व्हा.”

मग त्याच थोड्या शांत झाल्या आणि म्हणाल्या, “तसं एक आहे. माझे पाच-सहा पेशंट मिरजेला गेले, तिथं त्यांचं क्रिएटिनिन तिप्पट आलं. मी तुमच्या कंपनीला कळवलं. उत्तर आलं, आमची एकेचाळीस मशिनं एकच आकडा देतात, चूक मिरजेची असणार. एकेचाळीस विरुद्ध एक. मी काय बोलणार?”

इथं ‘सांगड’ म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. पूर्वी रोज सकाळी प्रत्येक मशीनला कंट्रोल लावायचे. कंट्रोल म्हणजे ज्याचा आकडा आधीच माहीत आहे असा बाटलीतला द्रव. बाटलीवर २.० लिहिलंय आणि मशीननं २.० दाखवलं, तर मशीन शहाणं. पण तो द्रव बर्फात आणावा लागतो, ड्रोननं मागवला तरी निम्मा उन्हात वाया जातो. म्हणून तीन वर्षांपूर्वी कंपनीनं सांगली-सोलापूर पट्ट्यातली सगळी मशिनं एका जाळ्यात जोडली आणि त्याला नाव दिलं सांगड. ही मशिनं एकमेकांशी बोलतात. निरोगी माणसांची रोजची सरासरी कुठं हलतेय का ते बघतात. शिवाय एकच माणूस चार गावच्या मशिनांवर तपासला गेला, तर त्याचा आकडा चारही ठिकाणी सारखा यावा असं धरतात. ज्या मशीनचा वेगळा आला ते स्वतःला वळवून घेतं. कंट्रोल लावायचा तो वर्षातून एकदा, आणि तोही ह्या दोन गोष्टींशी जुळत नसला तर ‘बाटली खराब’ म्हणून सांगडच त्याला नापास करायची.

कल्पना वाईट नव्हती. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती, पण मला काय, बायकोनं केलेला उपमासुद्धा पहिल्या घासाला आवडत नाही.

डॉ. मुजावरांकडून उठता उठता मी सवयीनं बाही वर केली. आमच्या धंद्यात ही रीतच आहे. मशीन उघडलं, पुसलं, बंद केलं की शेवटी स्वतःचं दोन मिली रक्त काढून घ्यायचं आणि लावायचं. कंट्रोलची बाटली लॅबवाले जिवापाड जपतात, पेशंटला उगाच टोचता येत नाही. आपलं रक्त काय, फुकट आणि कायम बरोबर. नियमात बसत नाही म्हणून कुणी लिहीत नाही, पण करतात सगळे. मशीन सॅम्पलचं नाव विचारतं, तिथं मी पहिल्यापासून ‘मगदूम-१’ घालतो. माझं क्रिएटिनिन १.०. आताही १.० आलं. म्हणजे मशीन ठणठणीत होतं आणि मी मात्र चरफडत बाहेर पडलो.

सांगडच्या बाहेरचं मशीन पाहिजे होतं. मिरजेला जाता आलं असतं, पण तिथं दुसऱ्या कंपनीची मशिनं. त्यांच्यावर मी विश्वास ठेवू? त्यापेक्षा म्हैस बरी! आणि हे मनात आल्याबरोबर मला खरोखरच म्हशीचं मशीन आठवलं. एका दूध संघाच्या जनावरांच्या दवाखान्यात पंधरा वर्षांपूर्वी मीच एक मशीन बसवलं होतं. जुनं, कुठल्या जाळ्याशी न जोडलेलं. मी तसाच तिकडं गाडी वळवली.

डॉ. हुबाले तिथले जनावरांचे डॉक्टर. एका रेडीला सुई टोचून हात धूत होते. “या मगदूम! काय, माणसांची मशिनं संपली व्हय?”

दुसऱ्या ट्यूबमध्ये उरलेलं अक्काचं रक्त मी त्यांच्या मशीनवर लावलं. दहा मिनिटांनी आकडा आला. २.९.

पण लगेच डोक्यातला इंजिनिअर जागा झाला. मशीन जुनं आहे, आधी त्याची परीक्षा करू. मी बाही वर केली, रक्त काढलं, लावलं.

२.६.

“हुबाले, तुमचं मशीन गेलंय कामातून!” मी ओरडलोच. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! माझं १.० असतं, हे २.६ दाखवतंय, म्हणजे हेच जास्त मोजतंय, म्हणजे अक्काचं १.१ खरं. मी हसत हसत स्क्रू-ड्रायव्हर काढला. दिवा तपासला, नळी तपासली. सगळं नीट होतं. मग सेटिंगमध्ये शिरलो आणि माझं रक्त १.० दाखवेपर्यंत आकडा खाली ओढायला लागलो.

हुबाले टॉवेलला हात पुसत जवळ आले. “अहो काय करताय? सकाळीच कंट्रोल लावलाय मी. बरोब्बर आलाय.”

“बाटली शिळी असेल.”

“काल आलीय. फोडू नवीन?” त्यांनी फ्रीजमधून बाटली काढली. वर छापलं होतं २.०. मी सेटिंग होतं तसं केलं आणि ती लावली. मशीननं दाखवलं २.०. दुसऱ्या कंपनीची बाटली लावली, छापील ४.५. मशीननं दाखवलं ४.५.

मी स्टुलावर बसलो. हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला तो उचलायचं सुचलं नाही.

एकवीस वर्षांत मी सगळ्या जगावर संशय घेतला, पण माझ्या स्वतःच्या रक्तावर कधी घेतला नाही. आणि सांगडनं तरी दुसरं काय केलं होतं? सगळ्या पट्ट्यात जास्तीत जास्त मशिनांवर, जास्तीत जास्त वेळा तपासला गेलेला माणूस कोण? मगदूम-१. आज विटा, उद्या जत, परवा सांगोला. वर्षानुवर्षं १.०. तिनं मला खुंटी धरलं, बाकीचे सगळे आकडे माझ्या आकड्यावर टांगले. साखर खाण्यापिण्यानं हलते म्हणून ती सोडली, पण क्रिएटिनिन धडधाकट माणसात सहसा हलत नाही, ते घट्ट धरलं. माझं खरं क्रिएटिनिन हळूहळू चढायला लागलं तेव्हा प्रत्येक मशीननं ठरवलं, मगदूम चुकणार नाही, मीच चुकतोय. निरोगी माणसांचा खालचा भाग जिथल्या तिथं ठेवून वरचा भाग तिनं इस्त्री फिरवल्यासारखा दाबला. एक ते तीनमधला कुणीही आला तरी आकडा एकच्या आसपास. कंपनी करायला लावते ती माझी वार्षिक आरोग्य तपासणीसुद्धा मी ह्याच मशिनांवर केली होती.

“आकडा खरा असला तर किडनी बघायला पाहिजे. पोटाकडं बघू जरा,” हुबाले म्हणाले. गाभण म्हशी बघायचं सोनोग्राफीचं यंत्र त्यांनी माझ्या कुशीला लावलं. माणसाचं आपल्याला कळत नाही असं पुटपुटत होते. पडद्यावर द्राक्षाच्या घडासारखे काळे फुगे दिसत होते. डावीकडं तसेच, उजवीकडं तसेच.

“मगदूम, हे मी मांजरात बघितलंय. पर्शियन मांजर असतं ना, त्यात. किडनीत पाण्याचे फुगे होतात, वाढत जातात. आईबापाकडून पिल्लात येतं. सगळ्या पिल्लांत नाही, निम्म्याशिम्म्या. तुमचे वडील कशानं गेले?”

“मेंदूत रक्तस्राव. अण्णा अठ्ठेचाळिसाव्या वर्षीच गेले.”

“हं. त्या फुग्यांबरोबर तेही असतं. मिरजेला जा. आजच जा. बहिणीला घेऊन जा.”

गाडीत बसून मी पुण्याला फोन लावला, आमच्या विभागप्रमुख वालावलकर मॅडमना. सगळं सांगितलं. मग पहिला प्रश्न आला, “मगदूम, हे अजून कुणाला बोललात?”

तिथंच माझे कान टवकारले.

“नाही,” मी ठोकून दिलं.

“चांगलं केलंत. हे बघा, आज खुंटी काढली तर एका दिवसात एकेचाळीस लॅबचे आकडे उडी मारतील. लोक रस्त्यावर येतील. आपण नव्वद दिवसांत थोडं थोडं करून वर आणू. कुठल्याही डॉक्टरच्या लक्षात येणार नाही.”

“आणि पेशंटचं काय?”

“त्याला वाटेल, आजार आत्ता सुरू झाला. कुणाचं काय बिघडतं? तुमचंही नाव कुठं येणार नाही. स्वतःचं रक्त मशीनवर घालणं हा नियमभंग आहे, माहितेय ना? आता तर तुम्हाला नोकरीची, कंपनीच्या वैद्यकीय विम्याची गरज लागणार. काळजी घ्या स्वतःची.”

गोड आवाजात दिलेली धमकी मला कळली नाही असं नाही. पण खरं सांगतो, मला मॅडमचं पटलं. भीती वाटली की माणसाला काहीही पटतं. त्रिशला डोळ्यापुढं आली, पुढं करावं लागणारं डायलिसिस डोळ्यापुढं आलं. मी ठरवलं, अक्काला तिच्यापुरतं सांगायचं, मिरजेला न्यायचं, बाकी गप्प बसायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का ओसरीत शेंगा फोडत होती. मी समोर बसलो आणि धडाधडा सांगून टाकलं. तुझा रिपोर्ट चुकीचा होता, किडनी बरीचशी गेलीय, त्या गोळ्या आत्ताच्या आत्ता बंद कर. जेवढी राहिलीय तेवढी वाचवायची.

“तू म्हणालास, बिनधास्त खा.”

“हो.”

“दोन वर्षं खाल्ल्या मी. तू सांगितलंस म्हणून खाल्ल्या रे!” शेंगांचं सूप तिनं भिरकावून दिलं. मला वाटलं मारते. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती पदरात तोंड घालून रडली. मी बसल्या जागी रडलो. शेजारची बाई दारातून डोकावून गेली.

थोड्या वेळानं तिनं तोंड पुसलं. “मशीन कशानं बिघडलं?”

“बिघडलं नाही. माझ्या रक्तावर चालत होतं, आणि माझंच...” मी थांबलो. हे सांगायचं नव्हतं मला.

“तुझं किती आलं?”

“अक्का, ते जाऊ दे.”

“श्रेणिक, किती आलं?”

“२.६. आपल्या दोघांनाही अण्णांकडून आलंय बहुतेक.”

तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग एकदम म्हणाली, “अन् बाकीच्यांचं?”

“कुणाचं?”

“वेड पांघरू नकोस. त्या मशीनवर मी एकटीच होते व्हय?”

मी विट्याच्या डॉ. मुजावरांचे पेशंट आणि पुण्याचे नव्वद दिवस, सगळं सांगितलं. सांगताना मलाच ते घाण वाटायला लागलं. अक्काचा आवाज चढला. “तीन महिने? म्हणजे माझ्यासारख्या बायका अजून तीन महिने सुजलेले पाय घेऊन, सगळं बरं हाय म्हणून घरात बसणार? अन् तू गप्प बसणार? मी असला भाऊ वाढवला?”

“नोकरी जाईल अक्का. विमा जाईल. आता मलाही लागणार आहे ते.”

“जाईल तर जाईल. बघू काय ते. ऊठ.”

“मिरजेला?”

“मिरज दुपारी. आधी त्या विट्याच्या बाईकडं चल.”

चपला पायात जाईनात, म्हणून ती दाजींच्या जुन्या स्लिपर घालून गाडीत बसली.

डॉ. मुजावरनी मला बघून दारातच हात आडवा केला. “पुन्हा माझ्या माणसावर संशय घ्यायला आलात?”

“नाही मॅडम. त्याची माफी मागायला आलोय. चूक माझी आहे.” मी सगळं सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. जनावरांच्या दवाखान्यातली बाटली, म्हशीचं मशीन. “आणि एवढ्यावर मी दोन वर्षांचे रिपोर्ट चुकीचे म्हणू? सांगड हिरवा दिवा दाखवतेय. एकेचाळीस मशिनं, मगदूम! उद्या लोक माझ्या लॅबवर दगड मारतील.”

अक्का तोवर खुर्चीवर टेकली होती. तिनं लुगडं वीतभर वर केलं, नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. तिथं खड्डा पडला. तो भरेना. आम्ही तिघंही बघत होतो, तो तसाच राहिला.

“डॉक्टरीणबाई, तुमच्या कागदावर मी धडधाकट हाय,” अक्का म्हणाली.

डॉ. मुजावर खाली बसल्या. त्यांनी स्वतःच्या अंगठ्यानं अजून एकदा दाबून बघितलं. मग फ्रीजमधून कंट्रोलची बाटली आणली आणि माझ्या हातात दिली.

मी मशीनसमोर उभा राहिलो. सर्व्हिसच्या पानावर गेलो. माझं सॅम्पल माझ्याशिवाय कुणाला काढता येत नव्हतं. पडद्यावर प्रश्न आला: ‘मगदूम-१ कायमचा काढून टाकायचा? सर्व एकेचाळीस यंत्रांवर परिणाम होईल.’ मी ‘होय’ दाबलं. हिरवा दिवा गेला, तांबडा लागला: सांगड सुटली, आता प्रत्येक मशीननं आपलं आपण मोजायचं. भिंतीवरच्या स्क्रीनवर जत, सांगोला, आटपाडी, पलूस, एकामागून एक सगळी गावं तांबडी झाली. मिनिटभरात माझा फोन वाजायला लागला. पुण्याचा होता. मी तो उलटा करून ठेवला.

कंट्रोल लावला. छापील २.०, मशीननं दाखवलं २.०. मग अक्काचं ताजं रक्त लावलं. ३.०.

“या अल्ला,” डॉ. मुजावर हळूच म्हणाल्या. त्यांनी संगणकावर दोन वर्षांत ज्यांचा आकडा ०.९च्या वर आला होता त्या सगळ्यांची यादी काढली. चार हजारांच्या वर नावं होती, एकट्या विट्याची. पहिलं नाव लेंगरे गावच्या एका बाईचं, वय एक्कावन्न. डॉ. मुजावरनी फोन लावला. पलीकडून आवाज आला. “मी विट्याहून डॉक्टर... तुमचा मागचा रिपोर्ट... तो जरा...”

अक्कानं हात पुढं करून फोन घेतला.

“ताई, मी भिलवडीची राजमती. घाबरायचं नाही, आधी सांगते. तुमचा रिपोर्ट चुकला होता, माझाबी चुकला होता. पायाला सूज हाय का? तोंडाला? बरं. घरात कोण हाय आत्ता? मग सुनेला घेऊन निघा. आजच. व्हय, आज.” ती क्षणभर ऐकत राहिली. “नाही हो, एकट्या कशाला असाल? या तुम्ही. मी इथंच बसलेय.”